बाटलीवर माझे नाव होते

हे लिहायला बसलो खरा, पण असे काही लिहिण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नाही. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस मी. कॉलेजात निबंध लिहिले असतील तेवढेच. एरवी घरच्या पत्रापलीकडे हात गेला नाही. शिवाय माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलेली माणसे मी वॉर्डात पाहिली, आणि त्यांतली काही आता सांगायला उरली नाहीत. डॉक्टरसाहेब म्हणाले, नवीन येणारे रोगी फार घाबरलेले असतात, तू लिहून ठेव, मी त्यांना वाचून दाखवीन. त्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून लिहितो. चुकले असेल ते वाचणाऱ्याने पोटात घालावे.

एक गोष्ट मात्र अशी आहे की ती सांगितली नाही तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही. ती मी लपवणार नाही. एकदा लपवून पाहिली आहे.

*

माझे काम काय होते ते आधी सांगतो. यवतमाळला साहेबलोकांचा एक क्लब आहे. तिथे मी टेनिसचा मार्कर होतो. मार्कर म्हणजे पगारावर ठेवलेला खेळाडू. पहाटे उठून शेणाने सारवलेल्या कोर्टावर पाणी शिंपायचे, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळे ताणायचे. साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचे. त्याच्या मुलांना शिकवायचे. रॅकेटची तात तुटली तर नवी ओवायची. आणि खेळायचे असे की साहेबाला घाम यावा, पण हार येऊ नये.

हे सगळे मला किसनमामाने शिकवले. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचे गाव मारेगावच्या बाजूला आहे. तिथून तो लहानपणीच यवतमाळला गेला आणि वीस वर्षे क्लबात मार्कर होता. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. माझे वडील वारले तेव्हा मामा मला आपल्याजवळ घेऊन गेला. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली, त्या दिवशी त्याने मला एवढेच सांगितले की आता तू शिकायचे, पोटाचे मी पाहतो. मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो. सकाळी कोर्ट, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा कोर्ट. मामा थोरला मार्कर आणि मी धाकटा. क्लबाच्या मागे, रूळ ठेवतात त्या पडवीला लागून एक खोली होती, तीत आम्ही राहायचो. तिला खिडकी होती, पण तिच्यापुढे जुनी जाळी टांगलेली असल्यामुळे ती कधी उघडली नाही. डॉक्टरांनी पुढे मला खोलीबद्दल विचारले तेव्हा मी खिडकी आहे असेच सांगितले होते.

क्लबात आम्हा दोघांनाही "मार्कर" अशीच हाक असे. कोणत्या मार्करचे नाव काय, हे बहुतेक साहेबांना ठाऊक नव्हते. त्याचा आम्हाला उपयोगही होई. मला परीक्षा असली की मामा माझ्या पाळीला उभा राही. त्याचा पाय मुरगळला की मी त्याच्या. हजेरीच्या वहीत दोघांच्याही नावापुढे खूण असे. एकाचे काम दुसऱ्याने केले तरी ते झालेच, अशी आमची समजूत होती. ही सवय मी मुद्दाम सांगत आहे.

दर थंडीत नागपूरला क्लबांच्या मार्करांचे सामने होत. हौशी खेळाडूंच्या सामन्यांत आम्हाला मज्जाव होता, कारण आम्ही पगारी. कॉलेजच्या संघातही मला घेता आले नाही, कारण तेच. त्या संघाचा कप्तान एका वकिलांचा मुलगा होता, आणि त्याचा बॅकहँड घडवण्यात माझी दोन वर्षे गेली होती. मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. नागपूरच्या सामन्यांनंतर एक यादी लागे, कोण कितवा. मी नेहमी शेवटच्या चार-पाचांत असायचो. माझे पाय चांगले होते, पण चेंडू आपसूक समोरच्याच्या रॅकेटवर जायचा. हात तसाच वळलेला होता. तरी यादीत नाव असलेले बरे; ज्याचे नाव यादीत आहे त्याची नोकरी सहसा कोणी काढत नसे.

*

एकसष्ट सालच्या होळीच्या सुमारास मला खोकला लागला आणि संध्याकाळी अंग कढत होऊ लागले. वजन उतरले. मी अभ्यासाचे जागरण म्हणून सोडून दिले. मामा तर कित्येक वर्षे खोकत होता. त्याला सगळे बिडीचा खोकला म्हणत.

एके दिवशी सेक्रेटरीसाहेबांची मुलगी माझ्याकडून शिकत असताना मला उबळ आली. मी कोर्टाच्या कोपऱ्यात जाऊन खोकलो आणि परत आलो. साहेब बाहेर खुर्चीवर बसले होते. ते रागावले नाहीत. उद्यापासून कोर्टावर येऊ नकोस, आधी सरकारी दवाखान्यातून छाती साफ असल्याची चिठ्ठी आण, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितले असते.

दवाखान्यात मला एक लहान बाटली मिळाली. बाटलीवर कागदाची पट्टी आणि पट्टीवर माझे नाव. सकाळी उठल्याबरोबर पहिला बेडका यात टाकून आण, असे कंपाउंडर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाटली हातात घेऊन खोलीत बसलो होतो. मामा रूळ ओढून आला.

"काहून बसला असा?" त्याने विचारले.

"मामा, निघालं तर?"

तो दारातच उभा राहिला. बिडी विझवली. "निघालं तं क्लब गेला, खोली गेली अन् कॉलेज गेलं. आण इकडे ते."

"कायले?"

"माह्या छातीत काय निघते? वीस वर्सं झाले, एक दिवस खाडा नाही माहा. आण म्हनतो ना."

मी बाटली दिली. मामाने ती घेतली असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण त्याने हात पुढे करण्याआधी माझाच हात पुढे झाला होता. तो पडवीत गेला, खाकरला, झाकण लावून आला, आणि म्हणाला, "जाय. फस्ट क्लास हाय."

*

चार दिवसांनी आम्ही दोघे चिठ्ठी आणायला गेलो. मामाने त्या दिवशी साहेबाने दिलेला पांढरा सदरा घातला होता. परत येताना बाजारातून जिलेबी घ्यायची असे ठरले होते.

तिथले डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "जंतू आहेत. भरपूर आहेत."

ज्यांना असे वाक्य ऐकावे लागले आहे त्यांना त्यानंतरचे क्षण माहीत असतील. पण माझे क्षण निराळे होते. मला स्वतःची भीती वाटायला सवडच मिळाली नाही. मी मागे वळून मामाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

मग माझ्या छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला वर डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, बेडका आणि फोटो, दोन्ही जुळते आहे. म्हणजे मला रोग होता तो होताच. फक्त कागदावर लिहिलेले जंतू माझे नव्हते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. मी म्हटले, "मामा, आत्ताच आत चल, तूही दाखव."

"फोटोत तुह्यंच निघालं ना? मंग बेडकाबी तुहाच."

"असं नसते मामा."

"आयक पुंडल्या." तो मला नेहमी पुंडल्याच म्हणे. "दोघंबी पडलो तं क्लबात नवा मार्कर येते. खोलीत त्याचं बिऱ्हाड येते. मंग बरा होऊन कुठी जाशील तू? कापूस वेचाले? तू जाय, बरा हो. तू आला का दुसऱ्या दिवशी मी जातो तुह्या खाटेवर. गरम ठेवजो." आणि मग हसणे थांबवून म्हणाला, "माह्या गळ्याची आण हाय तुले. कोनाले सांगू नोको."

मी सांगितले नाही. आणेमुळे सांगितले नाही असे म्हणता आले असते. पण खरे कारण असे की मामाचे म्हणणे मला पटले होते. खोली राहावी, कॉलेज राहावे, असे मलाही वाटत होते.

आम्ही जिलेबी घेतली नाही. मामा म्हणाला, राहू दे.

*

पांढरकवड्याच्या बाजूला जंगलाच्या कडेला एका मिशनचे आरोग्यगृह आहे. तिथे मला खाट मिळाली. अकरा महिने मी तिथे होतो. नव्याने येणाऱ्यांसाठी तिथला दिवस लिहितो, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते.

पहाटे ताप पाहतात. मग सुई, कंबरेत, रोज. पहिले पंधरा दिवस बसताना दुखते, नंतर दोन्ही बाजूंना गाठी होतात आणि मग दुखण्याचीही सवय होते. गोळ्या, आणि एक पुडी, जी गिळताना पोट ढवळून येते. ती दुधाबरोबर घ्यावी, पाण्याबरोबर घेऊ नये. मग पडून राहायचे. जेवायचे आणि पुन्हा पडून राहायचे. दिवसभर कोर्टावर पळणाऱ्या माणसाला हे फार जड जाते. पहिला महिनाभर माझे पाय आपोआप हलत. नर्सबाई म्हणायच्या, "सायकल चालवतोस का रे?"

शनिवारी वजन. वजन वाढले की वॉर्डात सगळे आनंदाने सांगतात, घटले की कोणी विचारत नाही. ज्याचे घटले त्याच्या खाटेकडे त्या दिवशी कोणी पाहत नाही. हे निर्दयपण नाही, हे मला नंतर कळले.

प्रत्येकाचा पेला वेगळा आणि त्यावर नंबर. नवीन आलेल्या एका गुरुजींना पहिल्या दिवशी आपल्यासाठी वेगळा पेला पाहून रडू आले. मला आले नाही. क्लबात आमचा पेला वेगळाच होता. खिळ्याला टांगलेला असे. इथे मी पहिल्यांदा असे ठिकाण पाहिले की जिथे सगळ्यांचेच पेले वेगळे होते.

सुईने माझ्या कानात एक बारीक आवाज सुरू झाला, तो अजून आहे. तोलही गेला. सपाट जमिनीवरसुद्धा मला पाय टाकताना पाहून टाकावा लागतो. मी डॉक्टरांना विचारले, पुन्हा खेळता येईल का? ते म्हणाले, "जगायचं आधी पाहू." त्यांचे उत्तर मला समजले. आता चेंडू वर पाहून मारायचा झाला तर मी पडेन.

माझ्या शेजारच्या खाटेवर लेतू टेकाम होता. झरी जामणीच्या बाजूचा कोलाम, जंगलखात्याच्या कूपात लाकूडतोडीला जाणारा. त्याला माझे काम काय ते समजावून सांगायला एक दुपार लागली. सगळे ऐकून तो म्हणाला, "म्हंजे खेळते साहेब, अन् पगार भेटते तुले?"

मी हो म्हटले.

"अन् तरी तुले बिमारी झाली?"

पूर्ण वॉर्ड हसला. मी हसलो आणि खोकलो. इतके महिने झाले, पण मला तिथले हसणे बरेच आठवते. हसणाऱ्यांपैकी कोण राहिले आणि कोण गेले हेही आठवते.

*

महिन्यातून एकदा बेडका तपासत. माझा पहिल्यांदाच साफ आला. दुसऱ्यांदाही साफ. डॉक्टरांना फार आनंद झाला. इतके जंतू असलेला रोगी इतक्या लवकर साफ झालेला त्यांनी क्वचित पाहिला होता. ते इतर रोग्यांना माझे उदाहरण देत. पाहा, हा पुडी चुकवत नाही, म्हणून याचे पाहा. लेतू माझ्याकडे पाहून म्हणे, तुह्या पुडीत काई येगळं देते का रे?

मी मान खाली घालून बसे. मला वाटे, आता सांगावे. दर महिन्याला वाटे. साफ कागद हातात आला की यवतमाळची बंद खिडकीची खोली डोळ्यांपुढे येई. मग संध्याकाळी ताप नसे, दूध मिळे, आणि मला वाटे, मामा अजून उभा आहे, खेळतो आहे, म्हणजे बरा असेल. वीस वर्षे खाडा नाही. या रोगाबद्दल मी वाचले होते त्यावरून मला कळायला हवे होते. घरातला पहिला शिकलेला माणूस मी होतो.

दिवाळीनंतर मामा मला भेटायला आला. एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या चढून तो खांबाला धरून उभा राहिला आणि दम खात राहिला. मग म्हणाला, "लय उंचावर ठेवलं बे तुले."

तो माझ्यापासून लांब, कठड्यावर बसला. मी जवळ ये म्हटले तर म्हणाला, नको, तुहं साफ झालं हाय. यावरून मला कळले की त्यालाही कळले होते. पांढरा सदरा त्याच्या खांद्यांवरून घसरत होता. क्लबाच्या गोष्टी त्याने पुष्कळ सांगितल्या. नवे कलेक्टरसाहेब डावखुरे आहेत, त्यामुळे त्यांचा हात सांभाळायचा म्हणजे सगळे उलटे करावे लागते. वकिलांचा मुलगा कॉलेजकडून अमरावतीला जाऊन जिंकून आला. मी म्हटले, माझ्या बॅकहँडवर जिंकला. मामा म्हणाला, "हाव. तो बी तसंच म्हनत होता." हे खरे की माझ्यासाठी बनवलेले, ते मी विचारले नाही.

मग त्याने सांगितले की नाताळात नागपूरच्या सामन्यांना तो जाणार आहे. दोन वर्षे त्याने त्या सामन्यांत खेळणे सोडले होते. पण मी नाही आणि तोही नाही, म्हणजे यादीत आमच्या क्लबाचा एकही मार्कर नाही. मग सेक्रेटरीसाहेब म्हणतील, हे दोघे ठेवायचे कशाला?

"मामा, नको जाऊ. डॉक्टर आत आहेत, पाच मिनिटांत होते."

"सामने होऊन जाऊ दे. मंग म्हनशील तसं."

मी त्याच क्षणी उठून आत जाऊ शकत होतो. दार दहा पावलांवर होते. मी मनाशी ठरवले की ठीक आहे, सामने होऊ देऊ, मग सांगू. मीही शेवटी मार्करच होतो. नागपूरची यादी मला त्याच्या छातीपेक्षा मोठी वाटली. ती चूक त्याची नव्हती. ज्याला माहीत होते आणि जो वाचू शकत होता त्याची होती.

जाताना तो पायऱ्या उतरला आणि खाली जाऊन त्याने मागे पाहिले. हात केला नाही. मामाला हात करायची सवय नव्हती.

*

नाताळ गेला. मामाचे पत्र आले नाही. त्याला लिहिता येत नसे, क्लबातला माळी लिहून देई, म्हणून मी फारसे मनावर घेतले नाही. संक्रांतही गेली.

त्या आठवड्यात लेतूचे वजन पुन्हा घटले होते. दुपारी त्याने मला हाक मारली आणि एक पत्र लिहून दे म्हणाला. त्याच्या गावात वाचणारे कोणी नव्हते, पण जवळच्या नाक्यावरचा जंगलखात्याचा नाकेदार वाचून दाखवेल असे तो म्हणाला. मी कागद घेतला. मला वाटले, घरची चौकशी, गायबैल, असे काही असेल. लेतूने डोळे मिटून एकच गोष्ट सांगितली.

"लिही. जो खोकते त्यानं लाजू नोको म्हना. दवाखान्यात या म्हना. लेतूनं सांगितलं म्हना."

मी लिहिले. लेतूला अंगठ्याशिवाय काही येत नव्हते. त्याचा अंगठा त्या कागदावर उमटवून घेताना मला माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट आठवले, आणि माझ्याने त्याच्याकडे पाहवले नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी त्यांना बाजूला या म्हटले आणि सगळे सांगितले. बाटली, पट्टी, पडवी, आण, नागपूर. ते ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी एकच विचारले.

"किती महिने झाले?"

"नऊ."

ते रागावले असते तर बरे झाले असते. ते त्यांच्या खोलीत गेले आणि यवतमाळला पत्र लिहायला बसले. ते टपालात टाकायला माणूस त्याच दुपारी गेला.

त्यानंतर मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. आठ-दहा दिवसांनी मी विचारले, उत्तर आले का? डॉक्टर माझ्या तापाच्या कागदाकडे पाहत म्हणाले, आले, तू आता त्याचा विचार करू नकोस, पडून राहा. मला वाटले, मामाला कुठेतरी खाट मिळाली. आईचे पत्र आले, गावच्या मास्तरांच्या हातचे. त्यात लिहिले होते की सगळे ठीक आहे, तू औषध चुकवू नको, आम्ही तुला न्यायला येऊ. मामाचे नाव नव्हते. मी उत्तरात विचारले की मामाला कोणत्या दवाखान्यात ठेवले आहे. पुढच्या पत्रातही नव्हते. मी समजलो, मास्तरांच्या लिहिण्यात राहून गेले असेल.

लेतूचा भाऊ तेवढ्यात आला. पत्र घेऊन आला. त्याच्या छातीत रोग नुकताच सुरू झाला होता, त्याला खाट मिळाली आणि तो वाचला. लेतू होळीच्या आधी गेला. त्या आठवड्यात मी जेवलो नाही, आणि मग नर्सबाईंनी समोर बसून जेवायला लावले. नवीन येणाऱ्यांना सांगतो, कोणी गेले तरी आपली पुडी चुकवायची नाही. हे मला नर्सबाईंनी शिकवले, आणि ते शिकणे सोपे नाही.

मी मात्र आतून हलका होतो. माझे वजन वाढत होते. मला वाटत होते, उशीर झाला, पण मी सांगितले. मामाला मी वाचवले.

*

वैशाखात मला सुट्टी मिळाली. फोटोतला डाग वाळला होता. गोळ्या आणखी वर्षभर घ्यायच्या होत्या. मला न्यायला आई एकटीच आली. फाटकाजवळच्या बाकावर माझी पेटी ठेवून आम्ही बैलगाडीची वाट पाहत बसलो. मी म्हटले, आधी यवतमाळला जाऊ, मामाला पाहू, मग गावी.

आई पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "पुंडलिक, किसना नाही रे आता."

मला ऐकू आले, पण माझ्या कानात तो आवाज असतो, म्हणून मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले.

तो नागपूरला खेळला. एक सामना पुरा खेळला आणि हरला. तिथून क्लबात गेला नाही. पाहुण्याच्या लग्नाला जातो असा त्याने साहेबांना निरोप ठेवला होता, म्हणजे जागा शाबूत राहावी. आणि तो सरळ आईकडे आला. दारातच रक्त पडले. आईने गाडी जुंपायला सांगितली तर त्याने चाकाला धरून ठेवले. भाच्याचे होऊ दे, तो आला की मी जातो, असे म्हणत राहिला. बिडीची उष्णता आहे असे तिला सांगितले आणि तिने ते खरे मानले. डॉक्टरांच्या पत्रावर यवतमाळहून कोणी चौकशीला आले, तेव्हा किसनाला काय झाले होते ते तिला कळले. आमच्याकडे आजाऱ्याच्या कानावर मयत घालत नाहीत. म्हणून ती एकदा इथवर आली होती, मला न भेटता, आणि डॉक्टरांना हात जोडून परत गेली होती. तू माझे तोंड पाहिले असतेस तर तुला कळले असते, असे ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिले. "तुले ठाऊक होतं का रे?"

मी हो म्हटले.

गाडी येत होती. मी विचारले, कधी गेला? आईला तारखा येत नाहीत, ती बाजारावरून दिवस मोजते. सक्रांतीच्या आधीचा बाजार होता, ती म्हणाली, त्या मंगळवारी, दुपारी.

मी बोटांवर मोजले. लेतूचे पत्र लिहून मी डॉक्टरांना सांगायला गेलो तो संक्रांतीनंतरचा गुरुवार होता. तोवर मामाला जाऊन नऊ दिवस झाले होते.